पेपर पाठवायच्या आधी कुणाला तरी वाचायला द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, सर उद्या शेवटची तारीख आहे, पेपर (म्हणजे शोधनिबंध) पाठवतेय, एकदा नजर टाकाल का. तेरा पानं होती. मी दीड वाजेपर्यंत वाचत बसलो आणि सकाळी तिला फोन करून सांगितलं की आज हा पाठवू नकोस. ती रडायला लागली, कारण ती शेवटची तारीख म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेल्या एका 'विशेषांका'ची होती, अठराशे रुपये भरले की चार दिवसांत पेपर छापून सर्टिफिकेटसकट घरी, आणि तिच्या कॉलेजात सगळेच तिथे पाठवत होते. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या पेपरात खरंच काहीतरी होतं आणि मी सोडून तो आधी एकाही माणसाने वाचलेला नव्हता. गाईडने नाही, विभागातल्या कुणी नाही, आणि ज्यांनी छापायचं कबूल केलं होतं ते तर वाचणारच नव्हते. म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

तिचा विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन आईबाप कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलला परत येतात, मधले पाच-सहा महिने मुलं एकतर फडात नाहीतर गावी. हे सगळ्यांना माहिती आहे. पण तिने घरोघर फिरून जे गोळा केलं त्यातून एक साधी गोष्ट दिसत होती, की मुलगी शाळेत टिकते का नाही हे बापाने किती उचल (हंगामाआधीचे आगाऊ पैसे) घेतली त्यापेक्षा गावी आजी आहे का नाही यावर जास्त ठरतं. आजी असेल तर मुलगी मागे राहते आणि शाळेत जाते, आजी नसेल तर मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला टोळीबरोबर जाते. ही गोष्ट पेपरात कुठे होती माहितीय का, नवव्या पानावर, शीर्षक नसलेल्या एका टेबलात, शेवटून दुसऱ्या ओळीत. त्याच्या आधी आठ पानं काय तर स्थलांतराच्या व्याख्या, प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासूनचा इतिहास, महाराष्ट्राचं भौगोलिक स्थान, अक्षांश-रेखांशासकट. मी तिला विचारलं हे सगळं कशाला, तर म्हणाली सर सगळ्यांच्या पेपरात असतं.

बरोबरच आहे तिचं, सगळ्यांच्या पेपरात असतं कारण आपण पेपर लिहायला शिकतो ते दुसऱ्याच्या तशाच पेपरकडे बघून. एमएला कुणी शिकवत नाही. पीएचडीच्या कोर्सवर्कला रिसर्च मेथडॉलॉजीचा (संशोधन पद्धतीचा) परीक्षेचा पेपर असतो, त्यात सॅम्पलिंगचे प्रकार पाठ करून लिहायचे असतात, पण आपल्या हातातला डेटा आणि आपल्याला सुचलेली गोष्ट यातून एक पेपर कसा उभा करायचा हे कुणी शेजारी बसून दाखवत नाही. मलाही दाखवलं नव्हतं. मी काय केलं ते सांगतो, त्यातून मला जे म्हणायचंय ते जास्त कळेल.

मी भूगोलाचा माणूस, सोलापूर जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात शिकवतो. २०१६ च्या मे महिन्यात मी एका गावातल्या विहिरींची पाणीपातळी मोजली, टेपला वजन बांधून, मोटरसायकलवर फिरून. त्याच वर्षी त्या गावात सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेतून ओढ्यावर बंधारे झाले, ओढा रुंद-खोल केला. २०१७ च्या मेमध्ये परत मोजलं तर पाणी चांगलं दीड परस, म्हणजे दीड माणूस उंची, वर आलेलं. मला इतका आनंद झाला की मी पंधरा दिवसांत पेपर लिहिला, बंधाऱ्यांमुळे गावाची भूजल पातळी वाढली असा, आणि चांगल्या जर्नलला पाठवून दिला. कुणालाही न दाखवता.

तीन महिन्यांनी दोन रिव्ह्यूअरचे, म्हणजे जर्नल छापायच्या आधी ज्यांच्याकडून पेपर तपासून घेतं त्यांचे, शेरे आले. पहिल्याने विचारलं होतं की या विहिरी तुम्ही निवडल्या कशा. दुसऱ्याने तीन प्रश्न विचारले होते, पातळी जमिनीपासून मोजली का कठड्यापासून, मोजायच्या आधी किती तास मोटार बंद होती, आणि त्या दोन वर्षांत पाऊस किती झाला. मी ते पत्र वाचलं आणि स्टाफरूममधून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. कारण मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माहिती होतं आणि एकही उत्तर पेपरात नव्हतं, आणि उत्तरं लिहिली असती तर पेपर तसा उभाच राहिला नसता.

विहिरी मी निवडल्या होत्या त्या रस्त्याकडेच्या, जिथपर्यंत मोटरसायकल जाते तिथल्या. आता आमच्याकडे रस्ता जातो ओढ्याच्या कडेने, म्हणजे मी मोजल्या त्या जवळजवळ सगळ्या ओढ्याकाठच्या विहिरी, जिथे बंधाऱ्याचं पाणी पहिल्यांदा मुरणार. वरच्या माळावरच्या विहिरींना मी हातही लावला नव्हता. कठड्याचं तसंच, कुठे कठडा तीन फूट कुठे नाहीच, आणि मी टेप कठड्यावर टेकवूनच मोजलेलं. मोटारीचं तर विचारूच नका, शेतीची लाईट एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्या आठवड्यात रात्री, आणि नुकतीच मोटार चालून गेलेल्या विहिरीत पाणी खाली गेलेलं असतं, ते परत भरून यायला वेळ लागतो, म्हणजे मी सकाळी मोजलेली आणि दुपारी मोजलेली विहीर एकाच टेबलात शेजारी शेजारी बसवणं चूक होतं. आणि पाऊस, तो सगळ्यात मोठा प्रश्न. २०१५ ला दुष्काळ होता आणि २०१६ ला पाऊस चांगला झाला. मग २०१७ च्या मेमध्ये पाणी वर आलं ते बंधाऱ्याने का पावसाने, हे मी कशावरून सांगत होतो? कशावरूनच नाही.

एक गोष्ट मनाला अजून लागते. दुसऱ्या वर्षी मोजणी करताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं होतं, सर वरच्या अंगाच्या विहिरी बघितल्या का, तिकडं पाणी न्हाई आलं. मी हो हो म्हणून पुढे गेलो. म्हणजे जो प्रश्न रिव्ह्यूअरने तीन महिने घेऊन विचारला तोच त्या माणसाने बांधावर उभं राहून विचारला होता आणि मी वहीतसुद्धा लिहून घेतला नव्हता.

मग मी पेपर परत घेतला, पुढच्या मेमध्ये माळावरच्या विहिरीही मोजल्या, चालत जाऊन. प्रत्येक कठड्याची उंची वजा केली, शेतकऱ्याला आदल्या दिवशी फोन करून मोटार बंद ठेवायला सांगून दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, त्यातली एक शेजारच्या गावात आहे जिथे बंधारे झालेच नव्हते, तिच्या जुन्या नोंदी मिळवल्या, मंडळातल्या पावसाचे आकडे मिळवले. आणि सगळं शेजारी मांडल्यावर दिसलं की बंधारे नसलेल्या गावातही त्या वर्षी पाणी वर आलं होतं. बंधाऱ्याचा म्हणून जो जास्तीचा फरक राहिला तो ओढ्यापासून थोड्याच अंतरापर्यंत दिसत होता, माळावर नाही. एका निरीक्षण विहिरीवर शेजारच्या पूर्ण गावाचं ठरवता येत नाही हेही पेपरात लिहून टाकलं, न विचारता, कारण ते खरं होतं. दावा पहिल्यापेक्षा खूप लहान झाला. पेपर २०१९ ला छापून आला आणि त्यानंतर ओढ्याकाठच्या आणि माळावरच्या विहिरींना वेगळं धरलं पाहिजे ही गोष्ट मला कुणासमोरही छातीठोकपणे सांगता येते.

तुलना कशाशी, हा जो प्रश्न आहे ना, त्याचं उत्तर बघायचं तर मी विद्यार्थ्यांना गडचिरोलीचे पेपर वाचायला देतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये जो पेपर लिहिला, दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी, त्यातल्या ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की काय म्हणायचंय ते कळतं, विशेषणं लागत नाहीत. महत्त्वाचं म्हणजे त्यांनी दवाखान्यात आलेल्या बायका मोजल्या नाहीत, गावातल्या बायका मोजल्या, ज्यांना त्रास आहे त्याही आणि ज्यांची काही तक्रार नाही त्याही. दवाखान्यात येतात त्यांच्यावरून गावाचं सांगितलं असतं तर ते माझ्या रस्त्याकडेच्या विहिरींसारखं झालं असतं. आणि १९९९ चा त्यांचा नवजात बाळांवरचा पेपर, त्यात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. आधी दोन वर्षं नुसती मोजणी केली, किती बाळं जन्मली, किती गेली, आणि मग काम सुरू केलं. तिसऱ्या वर्षी काम झालेल्या गावांत नवजात मृत्यूदर हजारी २५.५ वर आला, तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी. ती ४७ गावं नसती तर कुणीही म्हणालं असतं की काय, रस्ते झाले असतील, दवाखाने सुधारले असतील. आमच्या पोरांना वाटतं चांगला पेपर म्हणजे अवघड इंग्रजी. त्या पेपरांची भाषा बघा, सरळ आहे. ताकद आहे ती आधी केलेल्या मोजणीत.

म्हणून मी सांगतो की पेपर लिहायला बसायच्या आधी एका कागदावर तीन-चार वाक्यं मराठीत लिहा, आपल्या आईला किंवा शेजाऱ्याला समजतील अशी. मला काय विचारायचं होतं, मी काय केलं, मला काय दिसलं, आणि ते कशाच्या तुलनेत. ही वाक्यं जमत नसतील तर पेपर अजून झालेला नाही, फिल्डवर परत जायला लागेल. जमली तर तोच तुमचा ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरच्या सुरुवातीचा सारांश, फक्त आकडे घाला आणि ज्या भाषेत पाठवायचंय त्या भाषेत करा. माझ्या विद्यार्थिनीने हे केलं तेव्हा आजीचं वाक्य आपोआप नवव्या पानावरून पहिल्या पानावर आलं आणि प्रवरानगर गेलं. शिवाय तिलाच प्रश्न पडला की आजी असलेली घरं मुळात थोडी बरी परिस्थिती असलेली तर नाहीत ना, जमीन वगैरे असलेली. म्हणजे फरक आजीचा का जमिनीचा. हा प्रश्न रिव्ह्यूअरने विचारायच्या आधी तिचा तिला पडला याचा मला फार आनंद झाला. आता ती जमीन असलेल्या आणि नसलेल्या घरांचं वेगवेगळं टेबल करतेय.

टेबलावरून आठवलं, टेबल आणि आकृती अशी पाहिजे की मजकूर न वाचता नुसती तीच बघितली तरी कळावी, वर शीर्षक, खाली एकक, किती घरं ते. आणि टक्केवारी लिहिताना कशाची टक्केवारी ते लिहाच, आठ घरांपैकी सहा असतील तर ७५ टक्के असं लिहून मोठं दाखवू नका.

आता जर्नलचं. हा भाग सध्या जास्त अवघड झालाय कारण विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे युजीसीची, मान्य जर्नलची युजीसी-केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली. ती यादी परिपूर्ण नव्हती पण निदान बोट ठेवायला काहीतरी होतं. त्याच्या आधीची यादी तर कशी होती ते पुण्याच्याच संशोधकांनी दाखवून दिलं, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नल तपासली आणि त्यातली ८८ टक्के निकषात बसली नाहीत, करंट सायन्समध्ये २०१८ ला आलंय ते, आणि त्यानंतर मे महिन्यात युजीसीने ४,३०५ जर्नल यादीतून काढली. आता जर्नल चांगलं की वाईट हे ठरवायची जबाबदारी कॉलेजवर आणि आपल्यावर आहे. मी काय बघतो, तर त्या जर्नलमधले मागच्या दोन वर्षांतले आपल्या विषयावरचे तीन पेपर उघडून पूर्ण वाचतो. पूर्ण. त्यात पद्धत नीट लिहिलीय का, रेफरन्स खरे आहेत का. संपादक मंडळातली माणसं त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर सापडतात का. तीन दिवसांत रिव्ह्यू करून देतो म्हणणारा रिव्ह्यू करत नाही हे उघड आहे. आयएसएसएन नंबर असणं म्हणजे दर्जा नाही, तो नुसता नोंदणीचा नंबर आहे, कुठल्याही नियतकालिकाला मिळतो, हे अजूनही खूप प्राध्यापकांना माहिती नाही याचं मला फार वाईट वाटतं. आणि पैसे घेणारं प्रत्येक जर्नल खोटं असंही नाही, ओपन ॲक्सेसवाली, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारी चांगली जर्नलही पैसे घेतात, पण ती पेपर वाचून मग घेतात.

एक चांगलीही गोष्ट झालीय ती सांगायला पाहिजे. आमच्यासारख्या गावाकडच्या कॉलेजची जुनी तक्रार की जर्नल वाचायलाच मिळत नाहीत, वर्गणी परवडत नाही. जर्नलची वर्गणी केंद्र सरकारने एकत्र भरायच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० जर्नल, सरकारी संस्थांसाठी. आमच्यासारख्या अनुदानित खाजगी कॉलेजांना पण हे मिळावं असं मला मनापासून वाटतं, कारण ग्रामीण भागातली किती मुलं अशाच कॉलेजांत शिकतात. तोवर जवळच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन बसा, आणि शोधगंगा या वेबसाइटवर पीएचडीचे थिसिस फुकट आहेत, तिथे आपल्या विषयावर कुणी आधी काय केलंय ते आधी बघा.

चोरीबद्दल थोडंच लिहितो. युजीसीच्या २०१८ च्या नियमात दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, म्हणून पोरं पेपर लिहून झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये टाकतात आणि आकडा खाली येईपर्यंत शब्द बदलत बसतात. यातून इतकं विचित्र लिखाण तयार झालंय की २०२१ मध्ये काही संशोधकांनी असे पेपर शोधून काढले ज्यात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' म्हणजे बनावट जाणीव असं लिहिलेलं होतं. दुसऱ्याचं वाक्य वाचा, पुस्तक मिटा, आपल्या शब्दात लिहा आणि नाव द्या, याला दुसरा रस्ता मला माहिती नाही. आणि आता चॅटजीपीटी. मी त्याच्या विरोधात नाही, इंग्रजी सुधारायला आमच्या मुलांना त्याची मदत होते आणि ती व्हावी, फक्त वापरलं ते सांगा. पण एका पेपरातले रेफरन्स मी एक-एक करून शोधले तर त्यातले सहा जगात नव्हतेच, लेखकाचं नाव खरं, जर्नलचं नाव खरं आणि पेपर नाही. प्रत्येक रेफरन्स स्वतः उघडून बघितल्याशिवाय यादीत घालू नका. एआयला लेखक म्हणून लावता येत नाही हे कोप या प्रकाशनातल्या नीतिनियमांवर काम करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्येच सांगितलंय, कारण उत्तरदायी माणूस लागतो. तसंच कामात हात न लावलेल्या माणसाचं नाव पेपरावर घालू नका, मग तो कितीही मोठ्या खुर्चीवर असो. हे सांगणं सोपं आहे आणि करणं तरुण मुलांना फार कठीण जातं हे मला माहिती आहे, म्हणून ही जबाबदारी मी आधी गाईड लोकांवर टाकतो, तुम्हीच म्हणा की माझं नाव नको.

खरंतर २०२२ च्या नियमात पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती युजीसीने काढली. मला तेव्हा वाटलं होतं की आता घाई थांबेल. थांबली नाही, कारण नोकरीला, प्रमोशनला, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला आकडे लागतातच. आकडे मागणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की प्राध्यापकाने वर्षात किती पेपर छापले हे विचारता तसं दुसऱ्याचे किती पेपर पाठवायच्या आधी वाचून दिले हेही विचारा आणि त्याचे मार्क द्या. रिव्ह्यूअरने मला विचारलेले चारही प्रश्न आमच्या स्टाफरूममधला कुणीही विचारू शकला असता. आमचे मराठीचे सर शेतकऱ्याच्या घरातले आहेत, कठड्याचं आणि मोटारीचं त्यांनी पहिल्याच पानावर पकडलं असतं. मी त्यांना कधी वाचायलाच दिला नाही.

आता देतो. गेल्या दिवाळीपासून आम्ही पाच-सहाजण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनला कॉलेजच्या लायब्ररीत बसतो. एकाचा पेपर, बाकीच्यांच्या हातात पेन्सिल. लेखकाने पहिला अर्धा तास काहीही बोलायचं नाही असा नियम ठेवलाय, कारण बोलायला लागला की जे कागदावर नाही ते तो तोंडाने सांगतो आणि रिव्ह्यूअरला तर कागदच मिळणार असतो. वाचणाऱ्याने जिथे अडलं तिथे खूण करायची, बस. येत्या शनिवारी माझ्या त्या विद्यार्थिनीचा पेपर आहे, जमिनीच्या नव्या टेबलासकट, ती एसटीने दोन तास प्रवास करून येतेय. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमचा त्याच्या पुढच्या महिन्यात. आसपासच्या कॉलेजातलं कुणीही या, विषय कुठलाही चालेल, फक्त पेपरच्या सहा प्रती काढून आणा आणि दोन ओळींत अंतर ठेवून छापा, खुणा करायला जागा लागते.

आपला,
भूगोलाचा एक प्राध्यापक,
जि. सोलापूर